बदलीचा नवस

आमच्या घरात ‘ट्रान्सफर’ या शब्दाला एकच अर्थ होता. मी सुरगाण्याच्या डोंगरातल्या झेडपी शाळेत मास्तरीण, नवरा नाशकात नोकरीला आणि सासूबाई वणीजवळच्या गावात, टोमॅटो-कोबीच्या वावरात. शनिवारी शाळा सुटली की जीपमध्ये स्वतःला कोंबून त्यांच्याकडे यायचं, चहा प्यायचा आणि मग नाशिक गाठायचं, हा माझा शिरस्ता. सूनबाईची ट्रान्सफर कधी होते आणि ती त्या डोंगरातून कधी खाली येते, याची वाट सगळी भावकी बघत होती.

अशाच एका शनिवारी मी त्यांच्या ओट्यावर बसून नवऱ्याशी फोनवर बोलत होते. “बहुतेक पुढच्या महिन्यात ट्रान्सफर होईल,” एवढंच वाक्य सासूबाईंच्या कानावर पडलं आणि त्या हातातली कोथिंबीर टाकून बाहेर आल्या.

“अगं बाई! निघाली का ऑर्डर?”

“अजून नाही, आई. बघू.”

ही ट्रान्सफर शाळेची नव्हती, माझ्या पोटातली होती, हे त्यांना सांगायला माझी जीभ उचलेना. पहिल्या वेळी मी सगळ्यांना सांगून बसले होते. ती खेप वाया गेली, तेव्हा नात्यातली प्रत्येक बाई माझी समजूत घालायला आली होती आणि प्रत्येकीला चहा मी केला होता. पुन्हा ती परेड नको, असं मी ठरवूनच टाकलं होतं. म्हटलं, बदली तर बदली.

नाशकातल्या गंगापूर रोडवरच्या दवाखान्यात त्या पहिल्या खेपेला आमचे दोन भ्रूण तयार झाले होते. एक तेव्हाच गर्भाशयात सोडला, यालाच तिथे ‘ट्रान्सफर’ म्हणतात, पण तो काही रुजला नाही. दुसरा गोठवून ठेवला होता आणि आता सगळी मदार त्या एकट्यावर होती. तो गेला, तर पुन्हा इंजेक्शनं, पुन्हा सगळं पहिल्यापासून, आणि तेवढा दम माझ्यात उरला नव्हता. मला मूल हवं होतं, अगदी हट्टानं हवं होतं, आणि हे मोठ्यानं म्हणायची आता मला लाज वाटत नव्हती.

शिक्षकी सवयीनं मी डॉक्टरबाईंना प्रश्न विचारून भंडावून सोडलं. “इतके दिवस थंडीत राहून तो म्हातारा नाही का होणार?”

त्या हसल्या. “द्रवरूप नायट्रोजनमध्ये त्याचं घड्याळच बंद असतं. वय तुमचं वाढतंय, त्याचं नाही.”

हे मला फार आवडलं. आमच्या घरात एक जण तरी वयानं वाढत नव्हता. मग त्यांनी न आवडणारंही सांगितलं. बहुतेक भ्रूण त्या गोठण्यातून नीट बाहेर येतात, पण एखादा येत नाही. आणि तो आला, तरी त्याला रुजायला गर्भाशयाचं अस्तर पुरेसं जाड लागतं. त्यासाठी गोळ्या घ्यायच्या, सोनोग्राफीत अस्तर बघायचं, ते तयार झालं की दुसरं औषध सुरू करायचं आणि मग ठरल्या दिवशी ट्रान्सफर.

माझं अस्तर काही तयार होईना. त्या महिन्याचा बेत रद्द झाला. मी जीपमध्ये तोंड खिडकीकडे करून रडत वणीपर्यंत आले.

सासूबाईंनी चेहरा बघूनच ओळखलं. “पुढं ढकलली ना?”

“हो.”

“कुणी अडवली? त्या सायबाच्या तोंडात माती पडो! लय माजलेत हे हापिसातले.”

माझ्या डोळ्यांपुढे आमच्या सौम्य, चष्मेवाल्या डॉक्टरबाई आल्या आणि मला रडता रडता हसू फुटलं. सासूबाईंना वाटलं, पोरीच्या डोक्यावर परिणाम झाला. त्यांनी माझा हात धरला. “घाबरू नको. म्या गडावरच्या देवीला बोलले हाय. पोरीची ट्रान्सफर होऊ दे, नवसाच्या बाळाला घेऊन येतात तशी तिला घेऊन येईन, तुझी वटी भरीन.”

मी मान खाली घातली. चुकीच्या खात्यात अर्ज गेला, असं वाटलं, पण दुरुस्त करायचं धाडस झालं नाही.

पुढच्या महिन्यात अस्तर जमलं. ट्रान्सफरच्या दिवशी भरल्या मूत्राशयानं टेबलावर झोपायचं असतं, म्हणजे सोनोग्राफीत नीट दिसतं. बाळाची काळजी आणि लघवीची काळजी, दोन्ही एकदम करणं फार अवघड. तेवढ्यात प्रयोगशाळेतली मुलगी दार उघडून आली आणि म्हणाली, “छान आलाय बाहेर. एकदम टवटवीत.”

मी तिथेच नवऱ्याचा हात करकचून दाबला. भूल नाही, टाका नाही. बारीक, मऊ नळी आत गेली आणि पडद्यावर एक पांढरा ठिपका चमकला. डॉक्टरबाई म्हणाल्या, तो भ्रूण नाही, त्याच्यासोबत सोडलेली इवलीशी हवा आहे, भ्रूण तिच्या शेजारी आहे. असू दे. मी त्या हवेचीही दृष्ट काढली असती.

बाहेर आले तोच बदलीची चौकशी करणारा सासूबाईंचा रोजचा फोन. “काय झालं गं? झाली का?”

“झाली, आई. झाली ट्रान्सफर.”

“कुठं मिळाली?”

“जवळच,” मी म्हटलं. “अगदी जवळ.”

रक्ततपासणीचा निकाल आला तेव्हा मी शाळेमागच्या टेकाडावर उभी होते, कारण रेंज तिथेच येते. नवरा फोनवर नीट बोलूच शकत नव्हता. शेवटी ओरडला, “राहिलंय! राहिलंय गं!” मी अशी किंचाळले की हेडमास्तर धावत आले.

“मॅडम, ऑर्डर आली काय?”

“आली, सर!” मी म्हटलं आणि साडीचा पदर तोंडावर धरून रडले.

त्या शनिवारी सासूबाईंना सगळं सांगितलं. त्यांनी माझ्या पोटावर हात ठेवला. मग एकदम काळजीनं म्हणाल्या, “पण म्या तर देवीला बदली मागितली व्हती. आता गं?”

माझी शाळेची बदली आजतागायत झालेली नाही. मी अजून त्याच जीपनं जाते-येते आणि मला त्याचं काही वाटत नाही.

लेक चार महिन्यांची झाल्यावर आम्ही गडावर गेलो. सासूबाईंनी देवीची ओटी भरली, मग नातीला दोन्ही हातांवर घेऊन देवीपुढे धरलं आणि सगळ्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, “माये, सांगायला म्या चुकले, पण तुला बरोब्बर कळलं. ही बघ, पोरीची ट्रान्सफर.”