काकांच्या डोक्यात काय नाय सापडलं

मंडळी, महाडच्या सायबर कॅफेतून लिहितोय. निघालो होतो शिवथरला फिरायला, पण स्टँडवर काका-काकू भेटले आणि त्यांच्यासोबत दवाखान्यातच गेलो.

काका उमरठच्या वरच्या वाडीत म्हशी पाळतात. मागच्या महिन्यात धार काढताना त्यांचं डोकं अचानक भयंकर दुखलं. स्कॅनमध्ये मेंदूजवळ रक्त दिसलं. मग मुंबईला मांडीतून नळी घालून डोक्यातल्या शिरा दोनदा तपासल्या. काका तिथेही भांडले, "डोकं दुखतंय, मांडी कशाला?"

आज डॉक्टर रिपोर्ट बघून म्हणाले, "दुसऱ्या वेळीही काही सापडलं नाही."

काकूने डोळ्याला पदर लावला. आमच्याकडे डोंगरात हरवलेलं जनावर शोधायला गेलेली माणसं 'नाय सापडलं' म्हणत परतली, की आशा सोडायची असते.

डॉक्टर गोंधळले. मग त्यांनी नीट समजावलं, "अहो मावशी, आम्ही शिरेवरचा फुगा शोधत होतो. तो असता तर पुन्हा फुटायची भीती. तो नाहीच. या प्रकारातलं रक्त आपोआप थांबतं, सहसा परत येत नाही. हे बरे झालेत."

"म्हणजे म्हशींमागं डोंगरावर जातील?"

"खुशाल जाऊ देत."

काका म्हणाले, "मी सांगत होतो, माझ्या डोक्यात काय नाय."

"ते मला लग्नापासून ठाव हाय," काकू म्हणाली आणि हसली.

आता काका कॅफेच्या दारातून हाका मारतायत. एसटी चुकली तर संध्याकाळची धार राहील.

तुम्हीही कधी चांगली बातमी ऐकून आधी रडलायत का?