दादाची पिकअप आणि वहिनीचा खरा आकडा

माझा थोरला भाऊ वेल्डर आहे. फाटकं, जिने, गच्चीचे कठडे, गोदामांची छपरं असली कामं करतो. वहिनी त्याच्याबरोबर काम करते, म्हणजे डबा घेऊन जाते असं नव्हे. खडूनं खूण करणं, पाइप गुण्यात, म्हणजे अगदी काटकोनात धरणं, सांध्यावर ग्राइंडर फिरवणं हे सगळं तिचं. तिच्याशिवाय दादाचं फाटक एक बोट तिरकं होतं, आणि हे तो स्वतःच चारचौघांत सांगतो. बायकोचं एवढं कौतुक उघडपणे करणारा आमच्या घराण्यातला तो पहिलाच.

मी धाकटा. चार बुकं जास्त शिकलो म्हणून घरातले सगळे कागद माझ्या गळ्यात. नवी पिकअप घ्यायची ठरली तेव्हा माहितीपत्रकंही माझ्याकडेच आली.

नवी घ्यावी लागली, कारण जुनीनं सात महिन्यांपूर्वी आमच्या तोंडचं पाणी पळवलं होतं. खाणीकडच्या उतारावर, मागे भरलेला ट्रेलर, आत ही दोघं. मागचं ओझं इतकं झालं की पुढची चाकं हलकी पडली. दादा स्टिअरिंग फिरवतोय आणि गाडी सरळच चालली आहे! शेवटी खडीच्या ढिगात शिरून थांबली. कुणाला खरचटलंही नाही. वहिनी खाली उतरली, हेल्मेटची पिशवी काखेत मारली आणि चालत घरी आली. त्या दिवसापासून ती कामावर बसनं जायची. दादा पिकअपनं पुढे जायचा, ही अर्ध्या तासानं पोचायची. भांडण नाही, अबोला नाही. "मी येते बसनं," एवढंच. दादा हसून "ये ये" म्हणायचा, पण गाडी सुरू करताना बाजूच्या रिकाम्या सीटकडे बघायचा. मला ते बघवत नसे.

चूक त्याला दुसऱ्या दिवशीच कळली होती. निघण्याआधी भंगारवाल्याच्या काट्यावर त्यानं एकेक वस्तू वजन करून वहीत मांडली होती. सिलिंडर, पाइप, हत्यारांची पेटी, जनरेटर, अगदी वायरची भेंडोळीसुद्धा. "सगळं मोजलं रे," मला म्हणाला, "फक्त आम्ही दोघं राहिलो. माणसं म्हणजे काय माल आहे का, असं वाटलं मला." दीडशे किलो माणसं हिशोबातून गाळणारा वेल्डर जगात एकच असेल, आणि तो माझा भाऊ.

म्हणून या वेळी त्यानं शेजाऱ्यांकडून वजनाचा काटा आणला. स्वतः उभा राहिला, चौऱ्याहत्तर. वहिनीला हाक मारली. ती स्वयंपाकघरातूनच म्हणाली, "बहात्तर लिहा. मागच्याच महिन्यात बघितलंय." दादानं लिहिलं. मी दादाकडे बघितलं, दादानं वहीकडे बघितलं. वहिनीच्या वजनाबद्दल आमच्या घरात कुणी तोंड उघडत नाही. माझी आईही नाही, म्हणजे बघा.

रविवारी आम्ही तिघं शोरूमला गेलो, बसनंच. विक्रेता तरुण, गळ्यात टाय, तोंडात साखर. तो आम्हाला सरळ टॉप मॉडेलकडेच घेऊन गेला. छताला काच, मोठी चकचकीत चाकं, चामड्याच्या सीट. "तीन हजार किलो ओढते, साहेब!"

"बघ दादा," मी म्हणालो, "आपला ट्रेलर भरून एकोणीसशे. म्हणजे प्रश्नच मिटला."

"गप रे," दादा म्हणाला. "ओढणं वेगळं, पाठीवर घेणं वेगळं." मग त्यानं मला विक्रेत्यासमोरच शिकवायला घेतलं. ट्रेलर स्वतःच्या चाकांवर चालतो खरा, पण त्याची मान आपल्या हुकावर टेकलेली असते. आपल्या ट्रेलरची मान एकशे नव्वद. ती पिकअपच्या पाठीवर येते. त्यात मागचं सामान आणि आतली माणसं मिळवायची. मग त्यानं ड्रायव्हरचं दार उघडलं आणि चौकटीवरचं स्टिकर बोटानं पुसून वाचलं. पेलायचं वजन, सहाशे पंचवीस.

"आणि साध्या मॉडेलचं?" त्यानं विचारलं.

"सातशे साठ," विक्रेता जरा नाराजीनं म्हणाला. "पण त्यात काहीच नाही साहेब. कापडी सीट, साधी लोखंडी चाकं."

तेव्हा माझ्या टाळक्यात प्रकाश पडला. ही काच, हे चामडं, सीटमधल्या मोटारी यांनाही वजन असतं, आणि गाडी ते आधीच पाठीवर घेऊन उभी असते. जितकी सजावट जास्त, तितकी मालाला जागा कमी. चार बुकं शिकून हे मला माहीत नव्हतं.

एवढ्यात वहिनी टॉप मॉडेलमध्ये जाऊन बसली होती. तिची कंबर दोन वर्षं धरलेली आहे. विक्रेत्यानं बटण दाबलं आणि सीटनं तिच्या कमरेला मागून हळूच आधार दिला. वहिनीनं डोळे मिटले. जुन्या गाडीनंतर ती पहिल्यांदाच कुठल्या पिकअपमध्ये बसली होती, आणि उठायचं नाव घेत नव्हती. दादाचा चेहरा असा फुलला की विचारू नका.

त्यानं माहितीपत्रकाच्या पाठीवर आकडे मांडले. मान एकशे नव्वद. सामान दोनशे पंच्याऐंशी. मी चौऱ्याहत्तर. ही बहात्तर. "सहाशे एकवीस!" तो ओरडलाच. "बसतंय! चार किलो उरतात!"

विक्रेत्यानं लगेच पेन काढलं. मीही खूश. छताच्या काचेवर माझा जीव जडला होता, खोटं कशाला बोलू?

"थांबा," आतून वहिनी म्हणाली.

ती अजून सीटमध्येच होती. दोन्ही हात मांडीवर, नजर समोर.

"काय झालं?" दादानं विचारलं.

"माझा आकडा चुकलाय."

"किती?"

वहिनीनं एकदा विक्रेत्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाली होती. "भाऊजी, हसलात तर याद राखा," म्हणाली. मग नवऱ्याकडे वळून, चांगल्या मोठ्या आवाजात, "चौऱ्याऐंशी. लिहा."

विक्रेता स्वतःचा टाय नीट करू लागला. मी हसलो नाही. हसूच आलं नाही मला. दादानं बहात्तर खोडलं, चौऱ्याऐंशी लिहिलं, पुन्हा बेरीज केली. सहाशे तेहतीस.

"नाही बसत," तो म्हणाला.

"आठ किलोनं काय होतंय साहेब?" विक्रेता म्हणाला. "रोज थोडीच सगळं सामान भरणार तुम्ही?"

"त्या दिवशी आम्हा दोघांबद्दलही मी असंच म्हणालो होतो," दादा म्हणाला, आणि पत्रकाची घडी घातली.

वहिनी हलकेच उतरली. सीटवरून एकदा हात फिरवला आणि दार लावलं. आम्ही कोपऱ्यातल्या साध्या मॉडेलकडे गेलो. तीही तीन हजार ओढत होती. कापडी सीटवर बसून वहिनीनं कंबर इकडून तिकडे हलवून बघितली.

"यात किती उरतात?"

"एकशे सत्तावीस."

"खरे?"

"तुझे खरे असतील तर खरे."

वहिनी खळाळून हसली. "मग त्यात माझी एक उशी बसवा कमरेला."

"दोन घे," दादा म्हणाला. माझा जीव भांड्यात पडला. काचेचं छप्पर गेलं ते गेलं, पण तिनं स्वतःसाठी जागा मागितली होती.

गाडी आली त्या आठवड्यात खाणीपलीकडे फाटक बसवायचं होतं. हौसेनं मीही निघालो. दार उघडण्याआधी दादानं वही काढली. "तुझं किती?"

"सहासष्ट." वहिनीनं नुसती भुवई वर केली. "एकोणसत्तर," मी म्हणालो.

"तरी अठ्ठावन्न उरतात. बस."

उतार सुरू झाला. दादानं गिअर खाली घेतला. जुन्या गाडीत वहिनी इथे दारावरची मूठ धरायची, बोटं पांढरी होईस्तोवर. मी मागून त्या मुठीकडेच बघत होतो. मागचा ट्रेलर गुमान येत होता, स्टिअरिंग ऐकत होतं. खडीचा तो ढीग मागे गेला, तरी मूठ मोकळीच.

"धरायचं असेल तर धर गं," दादा समोर बघतच म्हणाला.

मी वाकून बघितलं. हेल्मेटची पिशवी मांडीवर, उशी कमरेला, तोंड जरासं उघडं. वहिनीला गाढ झोप लागली होती.

साइटवर पोचल्यावर दादानं इंजिन बंद केलं आणि तसाच बसून राहिला. वेळेच्या बाबतीत तो किती काटेकोर, मला विचारा! मुकादम घड्याळ दाखवत, तणतणत खिडकीशी आला, तर दादानं त्याला ओठांवर बोट ठेवून गप्प केलं.