मगर नसलेलं पुस्तक

आमच्या गावच्या वाचनालयात एकच कपाट होतं आणि त्यातलं पुस्तकन् पुस्तक मी वाचलं आहे, असं गोव्यातला अख्खा पेडणे तालुका मानत होता. ही बातमी मीच पसरवली होती, त्यामुळे तिच्यात खोट काढणारा कोणी नव्हता. आठवडाभर मी डिचोलीच्या खाणीवर ट्रकांच्या रांगा लावायचो, शनिवारी दुपारी केरीजवळच्या आमच्या गावी यायचो आणि संध्याकाळी देवळाशेजारच्या खोलीत कपाट उघडायचो. पुस्तक न्यायला येणारे थोडे. ‘ह्यात काय आसा ता सांग’ म्हणत बाकावर बसणारेच जास्त. मी सांगायचो. चतुर्थीला सांगायला घेतलेली गोष्ट दिवाळीच्या पोह्यांपर्यंत पुरायची.

त्या कपाटात एक लहानशी कादंबरी होती. शंभर पानंसुद्धा नाहीत. पण मास्तर लोक तिचं नाव घेताना शेजारी कोणी आजारी असल्यासारखा आवाज खाली आणत. मी तिची पहिली आठ पानं वाचली होती आणि शेवटचं एक. सुरुवातीला एक बाई नदीवर घागर भरायला जाते. शेवटी घागर रिकामी घेऊन घरी येते. मधलं सगळं मी स्वखर्चाने भरून काढलं. दोन तास सांगितलं. पूर आणला, दरोडेखोर आणले, आणि एक मगर आणली.

मगर आणायला कारण होतं. पुढच्या बाकावर काका बसले होते. काका म्हणजे फेरीबोट चालवून निवृत्त झालेले तांडेल. एके सकाळी नदीच्या मुखाशी त्यांना मगर दिसली होती. त्यांनी भर पाण्यात बोट थांबवली, सगळ्यांना बोटीच्या कठड्याशी बोलावलं, आणि सगळ्यांना दिसला एक ओंडका. तेव्हापासून काका बाजारात आले की कोणीतरी मागून ओरडायचंच, “मगर इली रे, पाय वर घेया!” वीस वर्षं हे चाललं होतं. तर सांगता सांगता माझी नजर काकांवर गेली आणि माझ्या तोंडात मगर आली. त्या बाईला ती दिसते, गाव हसतं, आणि एका दिवशी साऱ्या गावासमोर मगर पाण्यावर येऊन जबडा उघडते. हे मी दयेने केलं की खोडीने, ते अजून मला ठरवता आलेलं नाही. काकांनी चष्मा काढून पुसला एवढं आठवतं.

मग कोकणी की मराठी, असं भाषेचं आंदोलन आलं. घरात एक बोलायचं आणि वाचायचं दुसरंच, यात आम्हाला तोवर काही वावगं वाटलं नव्हतं. आता भिंती रंगल्या, बसगाड्या अडल्या, एकाच घराच्या दोन खोल्यांत दोन पक्ष झाले. आमच्या वाचनालयाची मात्र चंगळ झाली. इथे मराठी जिवंत आहे हे दाखवायला लोक पुस्तकं नेऊ लागले, आणि सगळ्यांना हवी तीच कादंबरी, कारण नाव मोठं आणि वजन कमी. वीस घरं तरी फिरली ती. परत देताना प्रत्येक जण म्हणायचा, “भाषा म्हणजे काय असते बघा!” मी मान डोलवायचो, त्यांच्यापेक्षा जरा जास्तच.

अशाच एका शनिवारी काका एकटे आले. भिंतीला हात लावत आले, तेव्हा माझ्या लक्षात आलं.

“काचबिंदू,” ते म्हणाले. “म्हापशाचो डॉक्टर सांगता, गेली ती नदर परत येवची नाय. रवली हा ती चार म्हयने रवात, नायतर सा. सकाळच्या उजेडात पडवीर बसलंय तर एक पान वाचून जाता.” मग त्या कादंबरीवर बोट ठेवून म्हणाले, “पुता, हिशेब कर. माझ्याकडे एकाच पुस्तकाएवढे डोळे आसत. ह्या वाचूक व्हया काय?”

मी तोंड उघडलं. नेहमीप्रमाणे त्यातून स्तुती बाहेर पडणार, तेवढ्यात काकांनी पुस्तक हातात घेतलं आणि अंगठ्याने पानं चाळली. अंगठा थांबला.

“पुता, पाना चिकाटली मरे.”

चिकटली नव्हती. ती जुन्या बांधणीची प्रत होती. कडेला घडीची पानं जोडलेलीच असतात आणि वाचणाऱ्याने सुरी घालून ती सोडवायची असतात. सोळाव्या पानापुढे ती कोणीच सोडवली नव्हती. वीस घरं, वहीत वीस सह्या, आणि भाषा म्हणजे काय असते बघा! मला हसू आलं. काकांना आलं नाही.

“मगे तू मगर खंय वाचलंस?”

“ती... दुसरी प्रत होती काका. सावंतवाडीची.”

त्यांनी विश्वास ठेवला. ते ओरडले असते तर मला सोपं गेलं असतं. ते फक्त म्हणाले, “मगर आसा तर ह्याच वाचतलंय. कोणाक तरी दिसली आनी तेना ती लिवन ठेवली, इतक्या माका माझ्या डोळ्यांनी बघूक व्हया. पुढल्या शनवारी पाना फोडून ठेव.”

त्या आठवड्यात मी आयुष्यात पहिल्यांदा पुस्तक वाचलं. खाणीवर, ट्रकांच्या रांगेशेजारी, दगडावर बसून, लोखंडी पट्टीने एकेक घडी सोडवत. धूळ अशी की पांढरा बगळा आला तर लाल होऊन जायचा. प्रत्येक पानावर माझ्या बोटाचा तांबडा ठसा उमटला. सिंधुदुर्गातला एक ड्रायव्हर खिडकीतून ओरडला, “काय रे, म्हातारपणी कॉलेजात नाव घातलंस? मास्तरीण बरी आसा वाटता!” मी उत्तर दिलं नाही, म्हणून तो गाडीतून उतरून माझ्या कपाळाला हात लावून गेला.

मगर नव्हती. दरोडेखोर नव्हते, पूरसुद्धा नव्हता. पन्नास पानं ती बाई घागर भरते, भाकरी करते, अंगण सारवते. मी दोनदा पुस्तक मिटलं. बावन्नाव्या पानावर तिला पलीकडच्या काठावर दिवा दिसतो. तिथे कोणी राहत नाही. ती गावात सांगते. गाव हसतं. ती वाद घालत नाही, शपथ घेत नाही. रोज संध्याकाळी घागर घेऊन काठावर जाते आणि बघत उभी राहते. एवढंच. मी मान वर केली तेव्हा वीस-पंचवीस ट्रक वाटेल तसे घुसले होते आणि मुकादम माझ्या सात पिढ्यांना हाका मारत होता.

शनिवारी काका माझ्याआधी येऊन पायरीवर बसले होते.

“काका, मगर नाय.”

“पुढे आसात.”

“सगळा वाचलंय. ती मी घातलेली.”

त्यांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, “सगळ्यांसमोर वर इल्ली ती?”

“ती माझी.”

“आनी माझी?”

सांगण्यासारखं पुष्कळ होतं. माझ्याकडे नेहमीच असतं. मी म्हणालो, “तुमची मिया बघूक नाय, काका.”

त्यांनी मान हलवली. रागावले असावेत. उठले, दोन पावलं गेले, आणि पाठमोरेच म्हणाले, “मगे वाचूक व्हया की नको? तेवढा सांग.”

“व्हया,” मी म्हणालो. “पयली पन्नास पाना जड जातली. आनी अखेरीक खरा काय ता कळना नाय.”

“कळनाच नाय?”

“नाय.”

ते परत वळले. वहीत नाक टेकवून सावकाश सही केली आणि पुस्तक सदऱ्याच्या आत घालून घेऊन गेले.

पुढे कोकणी राजभाषा झाली, मग गोवा राज्य झालं. शाळेत पेढे वाटले त्याच आठवड्यात काका आले. ह्या वेळी सूनबाईने हाताला धरून आणलं आणि बाकावर बसवलं. पुस्तकात माडाच्या झावळीची एक हिराची काडी खूण म्हणून घातलेली होती, एकाहत्तराव्या पानावर.

“हंयसर मेरेन मी,” ते म्हणाले. “उरलेला तू वाच. आनी काय घालू नको.”

मी वाचायला लागलो. खोलीत आम्ही तिघंच. तीन-चार पानांनंतर काकांनी हात वर केला.

“थांब. आता घातलंस काय तरी.”

पुस्तकात नुसतं पाणी होतं. मी काळंभोर पाणी वाचलं होतं. मागे जाऊन ते वाक्य पुन्हा वाचलं, लिहिलं होतं तसं. मग शेवटपर्यंत काही घातलं नाही. घागर रिकामी घरी आली, मी पुस्तक मिटलं.

“दिवो होतो काय ता नाय लिवक?” काकांनी विचारलं.

“नाय.”

“होतो,” काका म्हणाले, आणि सूनबाईचा हात शोधायला लागले.