चार आणि पंच्याऐंशीमधला स्वल्पविराम

आज ऑफिसात एका जुन्या फाइलमध्ये ‘४,८५’ असा आकडा दिसला आणि मला भोरचं मैदान आठवलं. क्रीडा वसतिगृहासाठी लांब उडीची निवड होती आणि निकाल मी ‘सी’ या संगणकभाषेत लिहिलेल्या प्रोग्रॅमनं लावला होता. निवड यादीत नाव नसलेली वेल्ह्याची शबाना, पायांना ओली वाळू तशीच, वडिलांसोबत माझ्या टेबलापाशी आली आणि उड्यांच्या तक्त्यावर बोट ठेवून म्हणाली,

“सर, टेप म्या सोता बघितलीया. चार पंच्याऐंशी हुते. हितं नुसते चार कसे?”

“कॉम्प्युटर चुकत नाही,” मी मान वर न करता म्हणालो.

“चल बाय, सायबांना कळतंय,” वडील म्हणाले.

ते गेल्यावर मी नोंद उघडली. टायपिस्टनं टिंबाऐवजी स्वल्पविराम दिला होता. मजकुराचा दशांश आकडा करणारं माझ्या प्रोग्रॅममधलं फंक्शन त्या स्वल्पविरामापाशीच थांबलं होतं आणि पुढचे पंच्याऐंशी त्यानं सोडून दिले होते. खिडकीतून ते दोघं एसटीची वाट बघताना दिसत होते. हाक मारली असती तर चूक माझी ठरली असती. मी गुपचूप कोड दुरुस्त केला, यादी तशीच ठेवली.

एसटी सुटली तेव्हा मला हायसं वाटलं होतं. आज तेच कबूल करायला सगळ्यात जड जातं.