सात बटणांचं रिंगण

"मधे कोन हाय, ते आधी ठरवा."

बाई हे वाक्य कुठेही म्हणायच्या. सिद्धगडाखालच्या एका पाड्यात त्या अंगणवाडी सेविका होत्या. बढतीसाठी कॉम्प्युटरचं प्रमाणपत्र लागणार म्हणून, केस पिकायला लागल्यावर, एसटीने माझ्या शहापूरच्या क्लासला यायच्या. मी गणितातला पदवीधर. क्लासचा मालक, शिक्षक आणि झाडूवालाही मीच. बाईंचं वय बघून मी त्यांना सगळ्यात मंद कॉम्प्युटर दिला होता. इतकी माझी पारख.

त्याच सुमाराला मला पहिली वेबसाइट मिळाली. गडाजवळच्या एका विश्रामगृहाच्या मालकांना पानाच्या मध्यभागी गडाचा फोटो आणि भोवती गोलात सात बटणं हवी होती. मी एक बटण ठेवलं, त्याच्याकडे बघून दुसरं, दुसऱ्याकडे बघून तिसरं. सातव्यापर्यंत गोलाचा बटाटा झाला. दोन दिवस मी तो बटाटा सोलत होतो. तिसऱ्या दिवशी मालक येणार होते. जमलं नाही तर काम कल्याणच्या एका वेबसाइटवाल्याकडे जाणार होतं.

त्या सकाळी बाई टायपिंग सोडून माझ्या मागे येऊन उभ्या राहिल्या.

"सर, तुमी शेजाऱ्याला बघून बसवताय. आमची पोरं पन तसंच सरकत जातात, मग रिंगण भोपळ्यावानी व्हतं. मी मधे उभी ऱ्हाते, दोरी फिरवते. समदी माझ्यापासनं सारखीच लांब."

तुम्ही हसाल, पण साइन-कोसाइन मला कॉलेजपासून पाठ होतं. ते कशासाठी असतं, हे त्या दिवशी कळलं. मध्यबिंदू धरला, तीनशे साठाला सातने भागलं, आणि अर्ध्या तासात बटणं गोल बसली.

मालक खूश झाले. "डोकं हाय तुला!"

बाई दोन हातांच्या अंतरावर बसून कीबोर्डवर 'क' शोधत होत्या. मी म्हणालो, "अनुभव असतो."

बाईंनी चष्म्यावरून एकदाच माझ्याकडे पाहिलं. मग त्यांना 'क' सापडला.

त्या पास झाल्या, पेढे देऊन गेल्या. युक्ती त्यांची होती, हे मी तेव्हाही कबूल केलं नाही. दोनेक वर्षांनी धीर करून पाड्यावर गेलो. बाई बढती होऊन दूरच्या तालुक्यात गेल्या होत्या. अंगणवाडीत त्यांची मदतनीस पोरांना खिचडी वाढत होती.

"कोन आलं व्हतं म्हनून सांगू?"

"त्यांचा विद्यार्थी."

तिने माझ्या टकलाकडे पाहिलं. "तुमी? हितं, अंगणवाडीत?"

"हो," म्हणालो. तिने मलाही एक ताटली दिली.