मिठूचा कागद

तुमच्या घरात हिरवा पोपट आहे का? लगेच नकारार्थी मान हलवू नका. मीही हलवली असती.

पनवेलच्या बाजारात पक्ष्यांचं खाद्य नि पिंजरे विकणारे एक चाचा होते. गिऱ्हाईक आलं की चष्मा कपाळावर चढवायचे, तळहात पुढे करायचे. "कागद हाय?" परदेशी पक्ष्याचं नोंदणीपत्र दाखवलं तरच पिंजरा मिळे. देशी पोपटाचं नाव काढलं की ते सरळ वाटेला लावत.

यातलं काहीच ठाऊक नसताना मी त्यांच्याच दुकानासमोर पत्रकं वाटली. मथळा: 'पिंजरे फोडा!' शेवट: 'दोषींची नावं चौकात लावू!' एकूण उद्गारचिन्हं चौदा.

चाचांनी पत्रक शेवटपर्यंत वाचलं. "माशाअल्ला, काय लिवलंयस! पन पोरी, कायदा वाचलास?"

वाचला नव्हता. मी नुसती संतापले होते.

त्यांनी भिंतीकडे बोट केलं. चौकटीत त्यांच्या राखाडी आफ्रिकन पोपटाचं नोंदणीपत्र होतं. "याचा कागद हाय. देशी पोपटाला कागदच नाय, तो पाळनंच गुन्हा. तुझी आई परवा तुमच्या हिरव्या मिठूसाठी मोठा पिंजरा मागत होती. मी दिला नाय. आता चौकात कोनाचं नाव लावतेस?"

घरी आले. मिठू तर घरचाच; तोही पिंजऱ्यात आहे हे मला कधी सुचलंच नव्हतं. आईनं उरलेली पत्रकं मिठूच्या पिंजऱ्यात अंथरली होती आणि मिठू आपलं मत त्यांवर नोंदवत होता.

"सोडून देऊ त्याला," मी गरजले.

"पंख कापलेत त्याचे. मांजर खाईल. मग घोषणा दे मांजरीपुढे."

शेवटी चाचाच आले. पिंजरा मांडीवर घेऊन रिक्षातून आमच्याबरोबर वनखात्याच्या कार्यालयात. आई अकरा वर्षांच्या मिठूसाठी रडत होती. चाचा साहेबांना सांगत होते, "ताईंनी आपनहून आनलाय. पोच द्या." मी भिंतीवर लावलेला कायदा वाचत होते. आयुष्यात पहिल्यांदा.

यंदा चाचा गेले. त्यांचा पोपट उरणला मुलीकडे गेला. नोंदणीवरचं मालकाचं नाव बदलायचा अर्ज मी भरला. माझं एवढं एकच लिखाण कुणाच्या तरी उपयोगी पडलं. नवा कागद द्यायला गेले, तर पिंजऱ्यातून चाचांचाच आवाज आला.

"कागद हाय?"

मी मुकाट्यानं पुढे केला.

तुमच्याकडे हिरवा पोपट असेल, तर त्याला खिडकीतून उडवू नका. आजच वनखात्यात नेऊन द्या. आणि तळहात पुढे करून पोच मागा.