दसऱ्याची विमानं

आमच्या नौपाड्यातल्या घरात सिगारेट कोणी ओढत नसे, पण सिगारेटच्या पाकिटात मिळणारी चित्रं मात्र बिस्किटांचा डबा भरून होती. ती काकांची. लढाईच्या आधी, कॉलेजात असताना, ओढणाऱ्या मित्रांच्या मागे लागून जमवलेली. प्रत्येकावर एकेक जुनं प्रवासी विमान. लढाई आली, चित्रं यायची बंद झाली आणि संचातलं एकच राहून गेलं, पाण्यावर उतरणारं विमान. त्याच्यासाठी काका नुसते झुरत. हात धुऊन पुसल्याशिवाय मला डब्याला शिवायची परवानगी नव्हती. एकदा चकलीचं बोट लागलं तर माझ्याशी कितीतरी दिवस अबोला! असला माणूस.

मी शाळेत होते तेव्हाची गोष्ट. डोंबिवलीच्या एका गृहस्थांकडे ते राहिलेलं चित्र असल्याचं कळलं. दसऱ्याची सुट्टी साधून काका सकाळीच जास्तीची दोन चित्रं घेऊन अदलाबदलीला गेले.

इकडे आईची पूजा चाललेली. पाटी-पुस्तकं झाली, विळी झाली. शेजाऱ्यांच्या सायकलला झेंडूची माळ बघून ती खट्टू झाली, कारण आमच्याकडे साधी सायकलही नव्हती. मग तिला डबा आठवला. मी आपट्याची पानं आणायला गेलेले. परत येऊन बघते तर पाटावर सगळी विमानं रांगेत, आणि प्रत्येकाच्या नाकावर ओल्या हळदीकुंकवाचं बोट!

"अगं आई, काय केलंस हे!"

"का? वाहनंच ना ती?" पण माझं तोंड बघून तिचं अवसान गळालं. पदराने पुसायला गेली तर कुंकू आणखीच पसरलं.

तेवढ्यात "मिळालं, मिळालं!" करत काका आत आले आणि पाटापाशी थबकले. आता घर डोक्यावर घेणार, म्हणून मी भिंतीला चिकटले.

"भाऊजी," आई रडवेली होऊन म्हणाली, "एक दिवस विमानात बसणार म्हणता ना तुम्ही. म्हणून केली हो पूजा. सुखरूप जावं म्हणून."

काकांनी सगळी रांग एकदा नजरेखालून घातली. मग खिशातून ते कोरं करकरीत विमान काढलं आणि शेवटी ठेवलं.

"वहिनी, हे एक राहिलं."

आईने बोट बुडवलं, पदराला पुसलं आणि जेमतेम मोहरीएवढा ठिपका टेकवला.

"असं काय वहिनी," काका म्हणाले, "बाकीच्यांना लावलंत तसं ठसठशीत लावा की."